कोरड्या दगडाचे चार फोटो

माझ्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत सहा वर्षं एक मोठा रंगीत फोटो लावलेला होता. नवरानवरीचा नाही, गुटगुटीत बाळाचाही नाही, एका दगडाचा. मेन रोडवरून जाणारी माणसं तो बघून थबकायची. तांबडा, हिरवा, पांढरा, फिकट गुलाबी असे पट्टे एकाखाली एक, आणि सगळ्यावर एक चकाकी. "हे कुठलं हो?" असं कुणी विचारलं की मी "आहे लांबचं" म्हणून विषय तोडायचो आणि फोटोच्या कॉप्या किती काढायच्या ते विचारायचो. गेल्या महिन्यात मी तो फोटो उतरवला. खिळा तसाच आहे. तिथे आता काय लावायचं म्हणून माझी बायको मालन चार वेळा विचारून गेली आणि चौथ्या वेळी मी तिच्यावर खेकसलो. खरं तर खेकसायचं होतं स्वतःवर, पण ते जमत नाही म्हणून माणूस घरातलं कुणीतरी गाठतो.

सांगायची आहे ती बुधाची हकीगत. पण ती सांगायची तर माझी आधी सांगावी लागते, आणि तिथेच माझी जीभ सहा वर्षं अडली.

बुधा पेठ रस्त्याकडच्या एका पाड्यातला. नाशकाहून एस.टी.ने दोन तास, मग फाट्यावर उतरून तासभर पायी. पाड्यात वीसेक घरं. बुधा जंगलखात्यात रोजंदारीवर होता. वणवा विझवायचा, रोपांना पाणी घालायचं, चोरून लाकूड तोडणाऱ्याला हाकलायचं, अशी कामं. उंच, शिडशिडीत माणूस, चालला तर वाळलेल्या पाल्याचाही आवाज व्हायचा नाही. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा. तरी मी पहिल्या भेटीपासून त्याला अरेतुरे केलं. शर्टपँट घालून शहरातून आलेल्याने मजुराला अहोजाहो करायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप आलं होतं. ज्याच्या बापाला लोकांनी जन्मभर अरेतुरे केलं, त्याला तरी ते यायला नको होतं.

माझं नाव मल्हारी. नाव देवाचं आहे, कारण जन्म आमच्या धर्मांतराच्या आधीचा. मी दहा वर्षांचा असताना माझ्या वडिलांनी, आबांनी, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून गोदावरीत सोडले. घरी आल्यावर म्हणाले, "आजपासून या घरातला कुणी दगडाला हात जोडणार नाही." पुढे मी फोटोग्राफी शिकलो, मेन रोडच्या एका बोळाच्या तोंडाशी छोटा स्टुडिओ टाकला आणि दाराशी बुद्धाची तसबीर लावली. आबा संध्याकाळी येऊन बाकावर बसायचे. पोराचा स्वतःचा धंदा आहे याचं त्यांना फार कौतुक होतं.

धंद्यातली एक खुबी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. सावळ्या माणसाचा फोटो काढताना गालाच्या हाडावर आणि कपाळावर खोबरेल तेलाचं बोट हलकेच फिरवायचं. दिव्याचा उजेड तिथे धरतो आणि चेहरा उठून दिसतो. माझ्याकडे येणारे बहुतेक नवरदेव सावळेच. त्यामुळे तेलाची शिशी माझ्या पिशवीत कॅमेऱ्याच्या बरोबरीने असायची. "मल्हारीच्या फोटोत माणूस उजळतो," असं लोक म्हणायचे आणि मी ते हसत ऐकून घ्यायचो.

एकोणऐंशी सालच्या फेब्रुवारीत जंगलखात्याचे एक साहेब स्टुडिओत आले. पाड्यामागचं खोरं आणि डोंगर मिळून राष्ट्रीय उद्यान करावं असा प्रस्ताव मुंबईला जायचा होता. झाडं, पाखरं सगळीकडेच असतात, पण या खोऱ्यात एक कडा होता, त्याला पाड्यातले लोक चितरकडा म्हणत. त्या कड्यावरच्या रंगीत दगडाचे फोटो प्रस्तावाला जोडायचे होते. रंगीत, आणि पडद्यावर दाखवता येतील अशा स्लाइडवर. त्या काळी नाशकात असं काम करायला कुणी धजत नव्हतं. फिल्म मुंबईहून आणायची, धुवायला परत मुंबईला पाठवायची, आणि बिघडली तर नाव जायचं. मी लगेच हो म्हटलं.

साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. कड्याला हात लावू नये, दगड फोडू नये, खरडू नये, पाणी अगर कोणताही पदार्थ लावू नये, खात्याचा माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. "नुसतं बघून यायचं आणि फोटो आणायचा," ते म्हणाले. मी सही ठोकली. ती सही मला अजून डोळ्यांसमोर दिसते, खाली दोन टिंबं दिलेली, मोठ्या दिमाखाची.

शिमगा होऊन गेला होता. फाट्यावर बुधा मला घ्यायला आला. माझी कॅमेऱ्याची पेटी आणि तिपाई त्याने न विचारता खांद्यावर घेतली. आधी घरी नेलं. त्याची बायको भागुबाई, तिने नागलीची भाकर आणि लसणाची चटणी वाढली. भिंतीवर लाल मातीवर पांढऱ्या रंगाने लग्नाचा चौक काढलेला होता. मी विचारलं, रंग कुठून आणता?

"त्याच कड्याचा हाय," भागुबाई म्हणाली. "पर पडल्याला. ओहळात जो आपसूक पडतो ना, त्योच आणायचा. कड्याला चिकाटल्याला नाय घ्यायचा."

"का? देव कोपतो?"

बुधा हसला. "देव हितं कुठं, भाऊ? आमचा देव तिकडं शिवंवर, वाघोबा. कड्यात देव नाय. कड्यात फकस्त रंग हायत. समद्यांनी खरवाडलं तर पोरांना काय ऱ्हायाचं?"

मला ते फार पटलं. बाबा रे, इतकं साधं कारण! देव नाही, शाप नाही, पोरांसाठी ठेवायचं म्हणून ठेवायचं. आबांना सांगायला हवं, असं मनात आलं. भाकर खाताना मी बुधाला पुढचं विचारलं. उद्यान झालं तर चार कायम राखणदार घेणार होते आणि यादीत पहिलं नाव त्याचं होतं. वीस वर्षं तो रोजंदारीवर राबत होता. "कायम झालो तर पोरीला पेठंला शाळंत ठिवीन," तो म्हणाला. एवढं बोलून त्याने विषय बंद केला, जास्त बोललं तर बिघडेल अशा धाकाने.

चितरकडा म्हणजे ओहळाच्या वळणावरची एक उभी भिंत. वर काळा फत्तर, खाली काळा फत्तर, आणि मध्ये दाराएवढ्या जागेत ते पट्टे. वर तांबडी माती दडपून दगड झालेली. तिच्याखाली शेवाळी हिरवा थर, मग पांढरा, आणि पांढऱ्यात बारीक गुलाबी स्फटिक रुतलेले. ऊन तिथे दिवसातून तासभरच यायचं, अकरा ते बारा. बुधाने मला बरोबर साडेदहाला नेऊन उभं केलं.

ऊन आलं. मी चार फोटो काढले आणि मग थांबलो. मनासारखं दिसेना. रंग होते, पण मंद. धुरळ्यातून बघितल्यासारखे. काचेतून बघितलं की मला वाटे, हे मुंबईच्या पडद्यावर काय दिसणार? साहेब म्हणतील, मल्हारी, एवढ्यासाठी एवढी फिल्म? मी ओहळातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि बुधाकडे बघितलं.

"नको ना, भाऊ," तो म्हणाला. "साहेब नको म्हनलेत."

"पाण्याने काय होतं रे?"

"व्हत काय नाय. पर नको."

मी ओंजळ सोडली. अजून अर्धा तास ऊन होतं. मग मी काय केलं ते लिहितो. मी बुधाला म्हणालो, "तू असं कर, वर जाऊन बघ, ऊन ढगाआड जातंय का. मला हाक दे." आभाळात एक ढग नव्हता. फाल्गुनातलं आभाळ, ढग कुठला असणार? बुधालाही ते दिसत होतं. तरी तो गेला. कामातला माणूस सांगतोय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं त्याला वाटलं असेल.

तो वळणाआड गेल्याबरोबर मी शिशी काढली. रुमालावर तेल घेतलं आणि नवरदेवाच्या गालावर फिरवतो तसा हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. दगडाने तेल पिऊन टाकलं. मी आणखी ओतलं. पूर्ण शिशी रिकामी केली. आणि काय सांगू, दगड पेटला. हिरवा असा हिरवा झाला की माझ्या तोंडून आवाज निघाला. राहिलेले आठ फोटो मी भराभर काढले. बुधा परत आला तेव्हा बारा वाजले होते, ऊन सरकून कड्यावर सावली आली होती आणि मी तिपाई मिटत होतो. तो कड्यासमोर क्षणभर उभा राहिला. मी मनात म्हटलं, सावलीत त्याला काय दिसणार?

स्लाइडी मुंबईहून धुऊन आल्या. कोरड्या दगडाच्या चार आणि तेलाच्या आठ, शेजारी शेजारी ठेवल्या तर चार अगदीच पडेल दिसत होत्या. साहेबांना त्या दिसायला नकोत म्हणून मी कात्रीने कापून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. बाकीच्या बघून साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एकीचा मोठा प्रिंट मी मुंबईहून करून आणला आणि काचेत लावला. आबा कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे होते. "निसर्ग म्हणजे निसर्ग," ते म्हणाले.

पण आपल्या मुलखात तेलाने चकाकणारा दगड रानात एकटा राहत नाही. हे मला कळायला हवं होतं. साऱ्या महाराष्ट्राला कळतं. पाणी वाळून जातं, तेल जात नाही. कुणी गवत कापणारा किंवा गुरं शोधायला आलेला त्या ओहळात उतरला असेल. त्याने बघितलं, दगडाला तेल लावलेलं आहे. तेल लावलं म्हणजे कुणीतरी पुजलंय. पुजलंय म्हणजे देव आहे. चैत्री पौर्णिमा आली, हनुमान जयंती. फाट्यावरचे लोक शेंदूर घेऊन गेले. ज्या घरातले देव आबांनी नदीत सोडले, त्या घरच्या पोराने एका शिशीत नवा देव उभा केला. हे मी आबांना कधी सांगितलं नाही. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हाही मी उशाशी बसून होतो आणि तोंड उघडलं नाही.

जूनच्या सुरुवातीला साहेबांनी मला बोलावलं. ऑफिसात बुधा आधीच उभा होता, टोपी हातात घेऊन. साहेबांचा चेहरा उतरला होता. मुंबईहून पाहणीला माणसं आली होती आणि कड्यावर रंगांऐवजी त्यांना शेंदूर दिसला होता. बोटभर जाड, वर नारळाच्या शेंड्या, खाली उदबत्त्या. पूजेची जागा उद्यानात घेतली तर उद्या तंटे होणार, म्हणून तो डोंगर प्रस्तावातून वगळला होता आणि डोंगर गेल्यावर उरलेल्या खोऱ्यात कुणाला रस राहिला नव्हता.

"लोक म्हणतात, आम्ही शेंदूर नंतर लावला, तेल आधीच होतं," साहेब म्हणाले. "बुधा, पाड्यातल्या कुणी लावलं तेल?"

"पाड्यातल्या कुणी नाय, साहेब."

"मग कुणी?"

बुधा हातातल्या टोपीकडे बघत राहिला. साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही मार्चमध्ये गेला होतात. तेव्हा दगडाला तेल होतं का?"

बुधाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं, माझी पाळी आली म्हणून बघतात तसं.

मी म्हणालो, "नाही."

ते तसं खरंच होतं, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! मी गेलो तेव्हा तेल नव्हतं. खोटं कुठे बोललो? असली वकिली माणूस स्वतःपुढे करतो तेव्हा समजावं की त्याला सगळं कळलेलं असतं. त्या खोलीत मला सहीचा कागद दिसत होता, काचेतला फोटो दिसत होता, आणि खात्याचं पुढचं काम दिसत होतं. बुधा मला दिसत नव्हता, दोन हातांच्या अंतरावर उभा होता तरी.

"म्हणजे नंतर पाड्यातल्याच कुणीतरी लावलं, आणि तू राखणीला होतास," साहेब बुधाला म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं सगळं वर्ष फुकट गेलं होतं. बुधाचं रोजंदारीचं कामही त्या पावसाळ्यात बंद झालं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तो मला म्हणाला, "येतो भाऊ," आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने चालू लागला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. समोर बसून चहा प्यायची माझी हिंमत नव्हती.

मग वर्षं गेली. माझा धंदा त्या फोटोवर वाढला, हे लपवण्यात अर्थ नाही. रंगीत काम म्हटलं की लोक मल्हारीकडे यायचे. या वर्षीच्या फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एका बागाईतदाराने द्राक्षाच्या पेट्यांवर छापायला फोटो काढायचा म्हणून बोलावलं. मांडवाखाली मी घड निवडत होतो. पलीकडच्या ओळीत पेठकडचे मजूर खराब मणी कात्रीने काढत होते. त्यातल्या एकाने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे आला. केस पिकलेले, पण चाल तीच, पाल्याचा आवाज न करणारी.

"फोटोवाले भाऊ! वळखलं का?"

मी ओळखलं. त्याने माझी, पोराबाळांची चौकशी केली. दर साल दिवाळीनंतर तो आणि भागुबाई द्राक्षाच्या कामाला येत आणि चैत्राच्या तोंडाला घरी जात. पोरीचं लग्न झालं होतं. शाळेचं त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "भाऊ, त्यो फोटो हाय का वो तुमच्याकडं? आपल्या कड्याचा? एकडाव दावा मला. नातू इचारतो, कसा व्हता म्हनून. मला सांगाया येत नाय."

त्या दिवशी घरी येताना एस.टी.त मी ठरवलं की बस झालं. जायचं, सगळ्यांसमोर सांगायचं आणि फोटो बुधाला द्यायचा. दिवसही चैत्री पौर्णिमेचा धरला, म्हणजे जे काय ऐकायचं ते सगळे एकदम ऐकतील. मालनने विचारलं, जत्रेला आपण कधीपासून जायला लागलो? मी म्हटलं, काम आहे.

काचेतला फोटो कागदात गुंडाळून मी गेलो. ओहळापर्यंत आता वाट झाली होती. कड्यावर पत्र्याची शेड, भगवी निशाणं, घंटा. आणि मध्ये तो. वीतभर जाड शेंदूर, त्यावर चांदीचे डोळे बसवलेले. एक रंगाचा ठिपका कुठे दिसतो का म्हणून मी कडेकडेने शोधलं. नव्हता. व्यवस्था फाट्यावरचा किराणा दुकानदार भिमाजी बघत होता. मी त्याच्यापुढे गेलो आणि माणसं ऐकतील अशा आवाजात सांगितलं, "या दगडाला पहिलं तेल मी लावलं. एकोणऐंशी साली. फोटो चांगला यावा म्हणून लावलं. पूजेसाठी नाही. इथे देव नव्हता."

घंटा वाजवणारा थांबला. भिमाजी माझ्याकडे बघतच राहिला. मार पडेल असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, पडला असता तर बरं झालं असतं.

"म्हंजी पयलं तेल तुमच्या हातचं?" भिमाजी हळूच म्हणाला.

"मी बौद्ध आहे. माझ्या घरात देवच नाहीत. मी फोटोसाठी..."

"घरात देव नाय, आन् तरी देवानं तुमच्याकडूनच करून घेतलं! आरं, चमत्कारच म्हनायचा ह्यो!" त्याने हात जोडले. मागून कुणीतरी माझ्या पायाला हात लावला. एका बाईने लेकराला माझ्यापुढे धरलं. मी ओरडून सांगत होतो, ऐका, माझी चूक झाली, आणि ते माना डोलवत होते. भिमाजीने नारळ माझ्या हातात कोंबला आणि दरवर्षी पहिलं तेल तुमचंच, असं जाहीर केलं. कबुलीसुद्धा माझ्या हातात राहिली नाही. नारळ घेऊन मी तिथून अक्षरशः पळालो. वाटेत एका खडकावर तो ठेवला आणि दोन पावलं जाऊन परत आलो आणि झुडपात फेकला. न जाणो, तिथेही उदबत्ती लागायची.

बुधा घरापुढे बसून कोयत्याने बांबू चिरत होता. टोपल्या विणायच्या होत्या. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"बुधाभाऊ," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचंय."

अहोजाहो ऐकून तो संकोचला. "काय वो, भाऊ?"

"तेल मी लावलं होतं. तुम्हाला वर पाठवलं आणि लावलं."

त्याचा हात थांबला नाही. "ठावं हाय," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? वास व्हता ना. खोबरेल तेलाचा. आमच्या पाड्यात खोबरेल कोन लावतं? आमचं मव्हाचं तेल. मी खाली आलो तवाच वास आला."

"मग साहेबांपुढे का नाही बोललात?"

बुधाने कोयता बाजूला ठेवला. थोडा विचार केला, उत्तर साधं असूनही मला कळेल का असा. "साहेब तुम्हाला इचारत व्हते. मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही नाय म्हनालात. आता मी कसं सांगू? माझ्या घरची भाकर खाल्ल्याला मानूस तुम्ही, पाव्हनं. पाव्हन्याला परक्यापुढं खोटं पाडायचं व्हय?"

मी रडलो. अडतीस वर्षांचा माणूस, दुसऱ्याच्या अंगणात. भागुबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेली. बुधा म्हणाला, "जाऊ द्या, भाऊ. झालं ते झालं." त्याला मनापासून वाटत होतं की मी रडू नये, आणि त्यानेच मला आणखी लाज वाटली.

मग मी कागद सोडून फोटो त्याच्या हातात दिला. त्याने धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि फोटोची चौकट दोन्ही हातांनी धरली. बराच वेळ बघितलं. लांब धरून, जवळ धरून. भागुबाईला हाक मारली. तिनेही बघितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ह्यो नाय," भागुबाई म्हणाली.

"हाच आहे," मी म्हटलं. "तिथलाच."

"ह्यो तेलाचा हाय, भाऊ," बुधा समजुतीच्या सुरात म्हणाला. "आपला असा चकाकत नव्हता. आपला गप व्हता. हिरवा तर असा नव्हताच. पावसाळ्यात भाताचं रोप येतं ना, त्येच्या बी आधीचा हिरवा." त्याने हवेत बोट फिरवून पट्टे दाखवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "नातवाला ह्यो दावला तर त्यो म्हनंल, असाच व्हता. मंग तसाच व्हऊन बसंल. नको." त्याने फोटो मला परत दिला, हळूच, माझं मन दुखू नये म्हणून.

आणि मग त्याला आठवलं. "भाऊ, तुम्ही तेलाच्या आधी बी काढलं व्हतं ना? मी तिथंच उभा व्हतो की. चार डाव खटका वाजला."

"हो. चार काढले होते."

"कोरडे?"

"कोरडे."

त्याचा चेहरा असा उजळला की मी बघू शकलो नाही. "मंग ते द्या ना! तेच पायजेत. कुठं हायत ते?"

मी सांगितलं. फिके दिसत होते म्हणून कात्रीने कापले आणि कचऱ्यात टाकले.

नोकरी गेली तेव्हा न चढलेला बुधाचा आवाज मी त्या वेळी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "टाकलं?" तो म्हणाला. "तेल लावलं, लावलं. सांगितलं नाय, नाय सांगितलं. पर त्यो चांगला व्हता तसाच तुमच्याकडं आला व्हता, भाऊ. त्यो टाकला?"

भागुबाई आत निघून गेली. बुधाने कोयता उचलला, पण बांबू चिरला नाही, नुसता धरून बसला. फाट्यावरून शेवटची गाडी पाचला होती. मी उठलो, तेव्हा तो पाहुण्याला म्हणतात तसं "या भाऊ" म्हणाला नाही. मी फोटो काखेत धरून एकटाच खाली उतरलो.